जुन्या वास्तू, ॲस्बेस्टॉस आणि पाडकामापूर्वीची तपासणी : एक इतिहास

धर्मशाळा, पाठशाळा, भोजनगृहे, वसतिगृहे अशा ज्या वास्तू स्वातंत्र्योत्तर काळात समाजाच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या, त्यांपैकी अनेकींचा आता जीर्णोद्धार अथवा पुनर्बांधणी होत आहे. नकाशा, मंजुरी, कंत्राटदार, निधी यांची चर्चा विश्वस्तांच्या सभांतून तपशीलवार होते. मात्र जुने बांधकाम उतरविताना त्यातून नेमके काय बाहेर पडणार आहे, हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न कायद्यानेच विचारावा लागतो. तसा कायदा होण्यामागे फार मोठी मनुष्यहानी आहे आणि तिचा इतिहास ॲस्बेस्टॉस या खनिजाशी निगडित आहे.

ॲस्बेस्टॉस हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. खाणीतून निघणारा हा दगड कापसाप्रमाणे पिंजता येतो, त्याचे सूत काढता येते आणि तो जळत नाही. या गुणामुळे त्याचे कुतूहल प्राचीन काळापासून होते; परंतु तो घराघरांत पोहोचला तो विसाव्या शतकात. लुडविग हात्शेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने शतकाच्या आरंभी सिमेंट व ॲस्बेस्टॉसचे तंतू यांच्या मिश्रणातून पातळ, हलके व टिकाऊ पत्रे बनविण्याची पद्धत शोधून काढली. महाराष्ट्रात ज्याला सर्रास ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, तो हाच. गंजत नाही, गळत नाही आणि खिशाला परवडतो, म्हणून कारखान्यांच्या शेडपासून गच्चीवरील खोलीपर्यंत सर्वत्र तो बसला. पावसाचे पाणी उतरविणारे नळ आणि पाण्याच्या टाक्याही याच मिश्रणाच्या होत. नावात ‘सिमेंट’ आल्यामुळे त्यात दुसरे काही आहे, याची जाणीवच पुष्कळांना राहिली नाही.

या खनिजाचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. त्याचा तंतू उभा चिरत जाऊन डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक होतो, हवेत तासन्‌तास तरंगतो आणि श्वासावाटे फुप्फुसात गेल्यावर तेथे विरघळत नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करणारी नेली केरशॉ ही स्त्री १९२४ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निधन पावली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अहवाल प्रसिद्ध केला. पुढे या विकारास ‘ॲस्बेस्टोसिस’ हे नाव मिळाले आणि १९३१ मध्ये ब्रिटनने कारखान्यांतील धुळीविषयी पहिले नियम केले. ते नियम कारखान्याच्या भिंतींच्या आतच थांबले. तयार माल ज्या इमारतीत जाई, तेथील माणसांचा विचार त्यांत नव्हता.

त्या भिंती ओलांडल्या त्या १९६० मध्ये. दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमा या फुप्फुसावरणाच्या दुर्धर कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांतील कित्येक जण खाणीत कधीच उतरलेले नव्हते. त्यांचे केवळ बालपण निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींजवळ गेले होते. पाच वर्षांनी लंडनमधील अभ्यासात तर कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियाही रुग्णांत आढळल्या. धूळ आणि आजार यांच्यामध्ये वीस ते चाळीस वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक अंतर असते. त्यामुळे कार्यकारणसंबंध सिद्ध व्हायला उशीर लागला आणि त्या विलंबाचा लाभ उत्पादकांना मिळाला.

इमारतींचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आणला तो अमेरिकेने. तेथे युद्धोत्तर काळात उंच इमारतींच्या पोलादी सांगाड्याला आगीपासून संरक्षण मिळावे म्हणून ॲस्बेस्टॉसमिश्रित लगदा फवारण्याची पद्धत रूढ झाली होती. न्यूयॉर्कचे डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये उष्णतारोधक कामे करणाऱ्या कामगारांतील मृत्यूंचा अभ्यास मांडला. हे कामगार ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातील नव्हते, बांधकामावरचे होते, हे विशेष. जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यात सुमारे चाळिसाव्या मजल्यापर्यंत अशी फवारणी झाल्यानंतर १९७० मध्ये ती थांबविण्यात आली. मात्र जे चिकटले होते ते तसेच राहिले आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी मनोरे कोसळले तेव्हा ते धुळीबरोबर शहरावर पसरले.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७३ मध्ये जे नियम केले, त्यांत पाडकामाचा स्पष्ट उल्लेख होता. इमारत पाडण्यापूर्वी तिच्यातील भुसभुशीत ॲस्बेस्टॉस भिजवून काढून घ्यावे, असा त्यांचा आशय. नियम साधा होता, पण न्यायालयात तो टिकला नाही. डेट्रॉइट येथील एका पाडकामाबद्दल अडॅमो या कंपनीवर खटला भरण्यात आला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये असा निर्णय दिला की, धूर-धुळीची मर्यादा ठरविणे आणि काम कसे करावे हे सांगणे या दोन भिन्न गोष्टी असून मूळ कायद्याने संस्थेला पहिलाच अधिकार दिला होता. हा तांत्रिक युक्तिवाद वाचताना आश्चर्य वाटते. कारण पाडकामाच्या जागी धूळ मोजायला चिमणी नसते, तेथे काम करण्याची रीत हाच एकमेव उपाय असतो. अमेरिकी काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून तो अधिकार दिला. पुढे नोव्हेंबर १९९० च्या सुधारित नियमांत पाडकाम वा नूतनीकरण सुरू करण्यापूर्वी इमारतीची ‘कसून तपासणी’ करणे मालकावर व कंत्राटदारावर बंधनकारक झाले. पाडकामात ॲस्बेस्टॉस सापडो वा न सापडो, कामाच्या किमान दहा कार्यदिवस आधी लेखी सूचना देणेही त्यात आले. चार अथवा त्याहून कमी बिऱ्हाडांची निवासी इमारत मात्र यातून वगळलेली आहे.

ही तपासणी म्हणजे नजर फिरविणे नव्हे. प्रशिक्षित निरीक्षक इमारतीतील एकसारखी दिसणारी व एकाच काळात बसविलेली सामग्री वेगवेगळ्या गटांत विभागतो. अमेरिकेतील शाळांसाठी १९८६ मध्ये झालेल्या कायद्याखालील नियमांत फवारलेल्या वा लिंपलेल्या थराचे नमुने किती घ्यावेत, हेही ठरवून दिले आहे : १००० चौरस फुटांपर्यंत तीन, ५००० पर्यंत पाच आणि त्यापुढे सात. नमुना काढताना जागा ओली करतात. प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची ओळख पटविली जाते. एक टक्क्याहून अधिक ॲस्बेस्टॉस आढळल्यास ती सामग्री नियमाखाली येते. डोळ्यांनी, स्पर्शाने किंवा जुन्या मिस्त्रीच्या आठवणीने हे ठरत नाही.

ब्रिटनने १९८५ मध्ये निळे व तपकिरी आणि १९९९ मध्ये पांढरेही ॲस्बेस्टॉस बंद केले. तथापि बंदीमुळे भिंतींतील माल नाहीसा होत नाही. म्हणून तेथे दोन प्रकारची सर्वेक्षणे आहेत. एक नांदत्या इमारतीसाठी. दुसरे दुरुस्ती व पाडकामापूर्वीचे, ज्यात जागा रिकामी करून छत, भिंती, फरशी उकलून पाहावी लागते. सन २००० पूर्वीच्या इमारतीत सबळ पुरावा मिळेपर्यंत ॲस्बेस्टॉस आहे असेच गृहीत धरावे, हा तेथील दंडक.

पाडण्यापूर्वी न मोजल्यास काय होते, याचा धडा भारताला इमारतीने नव्हे, जहाजाने दिला. पालिताण्याच्या यात्रेकरूंना परिचित असलेल्या भावनगर जिल्ह्यातच अलंगचा जहाजतोडणीचा किनारा आहे. ‘क्लेमेन्सो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका तोडण्यासाठी तिकडे निघाली, तेव्हा तिच्यात ॲस्बेस्टॉस किती उरले आहे यावर एकमत नव्हते. फ्रेंच सरकार ४५ टन म्हणत होते. अन्य अंदाज ५०० टनांच्याही पुढे जात होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गाजले आणि १५ फेब्रुवारी २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी नौका परत बोलाविली. तिची तोडणी अखेर इंग्लंडमध्ये झाली. जहाजावरील घातक पदार्थांची यादी तोडणीपूर्वी तयार करण्याची तरतूद पुढे भारताच्या २०१९ च्या जहाज पुनर्चक्रण कायद्यात आली.

जमिनीवरील वास्तूंची स्थिती वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. २०११ मध्ये मात्र संपूर्ण बंदीची मागणी न्यायालयाने अमान्य केली. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे भारतात आजही बनतात व विकले जातात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ च्या करारात पाडकामापूर्वी कामाची योजना आखण्याचे कलम आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी, याविषयी भारतीय मानक संस्थेचे आयएस ११७६८ हे मार्गदर्शक मानक उपलब्ध आहे, पण पाडकामाच्या निविदेत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

अखंड पत्रा छपरावर असताना सिमेंटने तंतू धरून ठेवलेले असतात, त्यामुळे घाबरून तो घाईने उतरविणे हेही शहाणपणाचे नाही. धोका उत्पन्न होतो तो हातोडा, करवत व ड्रिल लागल्यावर. प्रत्यक्षात मात्र पत्रे वरून खाली फेकले जातात, तुकडे जोत्याच्या भरावात जातात आणि धड निघालेले पत्रे भंगारवाल्यामार्फत दुसऱ्या कोणाच्या तरी झोपडीवर चढतात. अमेरिका व ब्रिटनमध्ये हेच पत्रे ओले करून, न मोडता एकेक उतरवितात, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यावर खुणेची चिठ्ठी लावतात आणि नेमून दिलेल्या जागी पुरतात. हा खर्च निविदेतच धरलेला असतो. कारण तपासणीचा अहवाल निविदेपूर्वी हाती आलेला असतो.