पाणी खारट का झालं? आटल्याने की मातीतल्या क्षाराने? समस्थानिक तपासणी सोप्या भाषेत

रस्सा खारट झाला तर कारणं दोन असतात. मीठ जास्त पडलं, नाहीतर रस्सा जास्त आटला. जिभेला दोन्ही सारखंच लागतं, पण इलाज वेगवेगळा. विहिरीचंही असंच आहे.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या शेतकऱ्यांना खाऱ्या पाण्याचा त्रास वेगळा सांगायला नको. नेहमीच्या तपासणीत पाण्यात क्षार किती ते कळतं. ते आले कुठून, हे शोधायला समस्थानिक म्हणजेच आयसोटोप तपासणी कामी येते.

समस्थानिक म्हणजे काय?

एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. पाण्यातल्या ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे असतात, साधारण ५०० मध्ये एखादा १८ वजनाचा. हायड्रोजनच्या जड अणूला ड्युटेरियम म्हणतात. हे जड अणू निसर्गातच असतात, किरणोत्सर्गी नसतात. त्यामुळे भीती नको. तपासणीसाठी विहिरीत काही टाकावंही लागत नाही.

आटलं की विरघळलं?

उन्हाने पाणी आटताना हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागे उरतं. क्षार आणि जड ऑक्सिजन दोन्ही सोबत वाढले, तर पाणी आटून खारट झालं असं समजतात. क्षार वाढले पण जड ऑक्सिजन पावसाच्या पाण्याइतकाच राहिला, तर क्षार माती-खडकातून विरघळून आले असावेत. पिकाच्या मुळांनी पाणी ओढून घेतलं तरी क्षार मागे राहतात आणि जड-हलक्याचं प्रमाण बदलत नाही. म्हणून क्लोराईड, सोडियमचे आकडेही सोबत बघावे लागतात.

पाणी किती जुनं?

१९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे पावसातलं ट्रिटियम वाढलं होतं. दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं. भूजलात ट्रिटियम सापडलं तर त्यात गेल्या काही दशकांतला पाऊस मिसळलेला असतो. हजारो वर्षं जुन्या पाण्यासाठी कार्बन-१४ वापरतात.

बांगलादेशात उथळ नळकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आढळलं. खालच्या थरातलं पाणी हजारो वर्षं जुनं आहे आणि वरचं पाणी त्यात फारसं मिसळत नाही, हे समस्थानिकांवरून कळलं. पिण्यासाठी खोल थराचा पर्याय तपासताना ही माहिती उपयोगी पडली.

नायट्रेट युरियाचं की गोठ्याचं?

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरू शकतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं. युरियातून आलेल्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन-१५ कमी असतो. शेणखत, गोठा किंवा संडासाच्या शोषखड्ड्यातून आलेल्यात तो सहसा जास्त आढळतो. खताची मात्रा कमी करायची की शोषखड्डा विहिरीपासून लांब न्यायचा, हे ठरवायला त्याची मदत होते.

नमुना कसा घ्यावा?

ऑक्सिजन-ड्युटेरियमसाठी बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण घट्ट लावावं. बाटलीतलं पाणी उडालं तर निकाल चुकतो. एका विहिरीचा नमुना पुरत नाही. पाऊस, नदी-कालवा आणि आजूबाजूच्या विहिरी-बोअर यांचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासावं लागतं. हे काम एकट्या शेतकऱ्याचं नाही, गावाने मिळून करायचं आहे. साधी रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. समस्थानिकांसाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या संस्थांकडे खास यंत्रं आहेत.

ओलिताचं पाणी आटून क्षार साचत असतील, तर पाणी मोजून देणं आणि निचरा सुधारणं हा इलाज. क्षार खालच्या थरातलेच असतील, तर बोअर आणखी खोल नेऊन गोडं पाणी लागेलच असं नाही. तिथे शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी जास्त भरवशाचं. बोअरवर पैसा घालण्याआधी कारण कळलेलं बरं.