चौदा प्रॉटेस्टंट आणि एक ज्यू

हिवाळ्यातल्या दर शनिवारी सकाळी वेरिबीतल्या आमच्या घरात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "आई, माझे बूट कुठे आहेत?" बूट अर्थातच गराजमध्ये असतात, गेल्या आठवड्याच्या चिखलासकट! आमचा मुलगा रग्बी खेळतो. मेलबर्नमध्ये राहून फूटी सोडून रग्बी का, असं बरेच जण विचारतात. आमच्या या पश्चिमेकडच्या उपनगरांत सामोअन, टोंगन आणि माओरी कुटुंबं पुष्कळ. त्यांची मुलं याच्या वर्गात, म्हणून हाही त्यांच्या मागोमाग मैदानात उतरला. पुढच्या वर्षी अकरावी, शिवाय चिरंजीव डॉक्टर व्हायचं म्हणताहेत, तेव्हा आता खेळ पुरे, असं आम्ही दोघांनी ठरवूनही टाकलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. थर्मासमधला चहा ओतून घेत मी मैदानाच्या कडेला उभी होते. शेजारी समोरच्या संघातल्या कुणाचे तरी आजोबा होते. आमच्या पोरांकडे बघून ते हसत म्हणाले, "यात ऑस्ट्रेलियन कोण आहे?" बोलण्यात खोच नव्हती, माणूस भला होता. तरी घरी येईपर्यंत ते वाक्य मला बोचत राहिलं. गाडीत मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आम्ही सगळे वेरिबीचे आहोत ना?" आणि हेडफोन लावून मोकळा झाला.

मला मात्र डब्लिनचा एक जुना किस्सा आठवला. तो आहे डॉ. बेथेल सॉलोमन्स यांचा. आयर्लंडच्या रग्बी संघातून खेळणारे हे ज्यू डॉक्टर. एकदा त्यांनी एका गाडीवाल्याला विचारलं, आपला आयर्लंडचा संघ कसा वाटतो? गाडीवाला उसळून म्हणाला, याला आयर्लंडचा संघ म्हणायचं? चौदा प्रॉटेस्टंट आणि एक ज्यू! आयर्लंड हा बहुसंख्य कॅथलिकांचा देश, आणि त्या काळी रग्बी म्हणजे वरच्या वर्गातल्या प्रॉटेस्टंटांचा खेळ, हे लक्षात घेतलं की त्या वैतागातली गंमत कळते. गाडीत बसलेला तो 'एक ज्यू' स्वतः सॉलोमन्सच होते, आणि हा किस्सा ते स्वतःच मजेत सांगत.

सॉलोमन्स यांचा जन्म १८८५ सालचा, डब्लिनमधलाच. वडील चष्म्यांचा व्यवसाय करायचे. बहीण एस्टेला नामवंत चित्रकार झाली आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या महिला संघटनेत तिने काम केलं. बेथेल यांनी ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि १९०८ ते १९१० या काळात आयर्लंडकडून दहा आंतरराष्ट्रीय सामने खेळले. फॉरवर्ड म्हणून, म्हणजे जिथे सर्वांत जास्त धक्काबुक्की होते तिथे! पुढे ते स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राकडे वळले. १९२६ साली डब्लिनच्या रोटंडा या प्रसूतिगृहाचे ते प्रमुख झाले. तिथे प्रमुखाला 'मास्टर' म्हणतात. १७४५ साली गरीब बायकांसाठी सुरू झालेल्या या रुग्णालयाचे ते पहिले ज्यू मास्टर. १९३३ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळलं. पुढे आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे ते अध्यक्ष झाले, आणि डब्लिनमध्ये सुधारणावादी ज्यूंचं प्रार्थनास्थळ सुरू झालं तेव्हा त्याचंही अध्यक्षपद त्यांच्याकडेच आलं. १९६५ साली ते वारले.

आता गंमत बघा. रोटंडामध्ये बाळंत होणाऱ्या बायका बहुतेक कॅथलिक, डब्लिनच्या दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या. संघात हा माणूस परका वाटतो म्हणणाऱ्या त्या गाडीवाल्याच्या गल्लीतली किती मुलं सॉलोमन्सांच्या रुग्णालयात जन्मली असतील, कुणास ठाऊक!

हे सगळं वाचताना मला आपल्याकडच्या एक डॉक्टर सारख्या आठवत होत्या. रग्बीशी त्यांचा संबंध नाही, पण बाकीची कहाणी जवळजवळ तीच. डॉ. जेरुशा झिराड. आडनाव ऐकून अलिबागकर मंडळींनी कान टवकारले असतील. हो, अलिबागजवळचं झिराडच! आपल्या बेने इस्रायली समाजाची आडनावं बघा : दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. त्यांची घरची भाषा मराठी. कीर्तनंही मराठीत, फक्त आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं!

मुंबईत या समाजाने पोलीस दिलें, शिक्षक दिले, ज्युडा रूबेन यांच्यासारखा कसोटी क्रिकेटचा पंच दिला, आणि डॉक्टर तर कितीतरी. जेरुशाबाई लहान असताना त्यांची बहीण कामा हॉस्पिटलात बरी झाली, आणि आपणही डॉक्टर व्हायचं हे या मुलीने तेव्हाच ठरवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण झालं, नंतर टाटांच्या मदतीने त्या लंडनला गेल्या. पुढे सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांनी तिथल्या रुग्णालयात काम केलं आणि १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. त्या काळात तिथे राहणं त्यांना अवघड नव्हतं. पण त्या परत आल्या, आणि १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षं त्यांनी कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली.

तेव्हा बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असं आपल्या आज्या म्हणायच्या ते उगाच नव्हे. मुंबईत बाळंतिणी का दगावतात, याचा जेरुशाबाईंनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस पद्धतशीर अभ्यास केला. नशिबावर ढकललेल्या मृत्यूंची कारणं शोधायची, म्हणजे पुढचे टाळता येतील, ही त्यामागची दृष्टी. शिवाय समाजातल्या स्त्रियांसाठी स्त्री मंडळ काढलं, आणि मुंबईत सुधारणावादी ज्यूंची संस्था उभी केली. हेही थेट सॉलोमन्सांसारखंच! १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या आजीची दोन बाळंतपणं 'कामा'त झाली. तिथे बाई डॉक्टर असतात, एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेवढंच तिला पुरेसं होतं. डॉक्टरीण कुठल्या धर्माची, हा प्रश्न तिला कधी पडला नाही.

पण 'तुम्ही खरे कुठले?' हा प्रश्न बेने इस्रायलींना चुकला नाहीच. १९४८ नंतर त्यांच्यातली हजारो माणसं इस्रायलला गेली, हजारो वर्षं प्रार्थनेत ज्याचं नाव घेतलं त्या भूमीत. आणि तिथल्या धर्मपीठानेच लग्नाच्या वेळी विचारलं, तुमच्या मागच्या पिढ्या नक्की ज्यू होत्या का? स्वतःच्या घरी येऊन पुरावा द्यायची वेळ! या साध्यासुध्या कोकणी माणसांनी मग जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत. गंमत म्हणजे याच लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. म्हणजे कोकणात ते शनिवार पाळणारे तेली, आणि इस्रायलमध्ये मराठी बोलणारे ज्यू. दोन्हीकडे थोडे निराळे, आणि दोन्हीकडचे पक्के!

मंडळी, आपलंही काय वेगळं आहे? पुण्याला गेलो की आपण 'ऑस्ट्रेलियावाले', इथे आलो की 'इंडियन'. आपली मुलं तर या दोन्हींच्या मधोमध उभी. मैदानावरच्या त्या आजोबांना काय उत्तर द्यायला हवं होतं, याचा मी बरेच दिवस विचार केला. आता वाटतं, उत्तर द्यायची गरजच नव्हती. सॉलोमन्सांनी गाडीवाल्याशी वाद घातला नाही. ते शनिवारी मैदानात उतरले आणि सोमवारी प्रसूतिगृहात. जेरुशाबाई 'कामा'त उभ्या राहिल्या. कुठल्याही गावाचं आपण व्हायचं असेल तर त्या गावाच्या चिखलात पाय घालावे लागतात. कागदावरचं नागरिकत्व वर्षं भरली की मिळतं, हे मात्र मिळवावं लागतं.

आणि तो मिळवायला मुलाला एक मैदान सापडलेलं असताना ते आम्हीच काढून घेणार होतो! तेव्हा अकरावीतही रग्बी चालू ठेवायचं, असं आमच्या घरात ठरलंय. अट एकच. अभ्यास सांभाळायचा आणि बूट स्वतः धुवायचे. पहिली अट तो पाळेल असं वाटतं. दुसरीबद्दल मला अजिबात खात्री नाही!