हद्दीपलीकडचं शिवार

साल 1895. तुम्ही कोल्हापूरच्या वेशीबाहेर उभे आहात. शाहू महाराज शाहूपुरी ही नवी पेठ वसवताहेत. गुळाचे रवे लादलेल्या बैलगाड्या धुरळा उडवत तुमच्या शेजारून जातात. शहर वाढतंय, पण ते शेतकऱ्याच्या मालाला बाजार देतंय.

आता 15 डिसेंबर 1972. आज नगरपालिकेची महापालिका झाली. तुम्ही पंचगंगेपलीकडं, वडणग्याच्या शिवारात आहात. राज्य दुष्काळात होरपळतंय, इथं मात्र गुऱ्हाळ पेटलंय. चुलवाणात चिपाडं धडधडताहेत. काहिलीतल्या रसाच्या वाफेनं तुमचा चेहरा ओला होतो. उसाच्या मोळ्या वाहणारी बाई घटकाभर टेकते आणि तुमच्या हातावर गरम गूळ ठेवते. तिची स्वतःची जमीन नाही. हंगामात गुऱ्हाळ, एरवी भांगलण, यावर तिचं घर चालतं.

पुढं या, 2017 मध्ये. महापालिकेची हद्द स्थापनेपासून तसूभर वाढलेली नाही. शहराला जागा हवी आहे, गावांना घरफाळ्याची आणि जमिनींवरच्या आरक्षणांची धास्ती आहे. हद्दवाढीऐवजी भोवतालच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आलंय. वडणग्याच्या त्याच शिवारात तुमच्या पायाखाली मुरूम करकरतो. उसाच्या सऱ्या होत्या तिथं प्लॉट आखणाऱ्या चुन्याच्या रेघा आहेत. भावाभावांत वाटण्या झाल्या, गुंठ्याला भाव आला, रान विकलं गेलं. गूळ देणाऱ्या त्या बाईची सून बांधावर उभी आहे.

"मालकांस्नी पैसं मिळालं," ती म्हणते. "आमी खुरपं कुठं चालवायचं?"

तिला काय सांगाल? सरकारनं सक्तीनं जमीन घेतली, तर 2013 चा भूसंपादन कायदा तीन वर्षं तिथं राबून पोट भरणाऱ्या भूमिहीन मजुरालाही बाधित मानतो. शेताचे प्लॉट पडले, की व्यवहार फक्त घेणाऱ्या-देणाऱ्यांत होतो. तिला कुणी हाकललेलं नाही, म्हणून ती विस्थापितांच्या कुठल्याच यादीत नाही.

1 जुलै 2025. शेतजमिनी घेणाऱ्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाला विरोध करत शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर उतरलेत. घोषणांनी तुमचे कान भरून जातात. जमीनधारकाचा हा आवाज सरकारला ऐकावाच लागतो. पण जिचं रान गुंठ्यागुंठ्यानं गेलं, तिनं कुठला रस्ता अडवायचा? लेआउट मंजूर करण्याआधी त्या रानात कोण राबतं, याची नोंद झाली पाहिजे, आणि वाढणाऱ्या शहरानं तिच्या रोजगाराची जबाबदारी घेतली पाहिजे.