रूट सापडेपर्यंत: कर्नलच्या आठ ओळींवर भाष्य

मूळ पाठ आठ ओळींचा. पहिल्या सहा लिनक्स कर्नल कंपाइल करण्याआधी भरायच्या कॉन्फिग फाइलमधल्या. सातवी बूटलोडर कर्नलला देतो ती, आणि आठवी इनिट नावाच्या छोट्या स्क्रिप्टची शेवटची ओळ. यंत्र साधंच धरलं आहे: एनव्हीएमई एसएसडीचा लॅपटॉप, लक्सने एन्क्रिप्ट केलेली डिस्क, तिच्यात एक्स्ट४. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर त्याच डिस्कवर, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात, असा हा विषय सहसा सांगितला जातो. तेवढ्याने भागत नाही. रूट फाइलसिस्टिम कुठली आणि ती कशी उघडायची, हा निर्णय कर्नलकडून काढून एका साध्या प्रोग्रॅमकडे सोपवलेला आहे. आठही ओळी मी त्याच अंगाने वाचतो.

१. कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_इनिटआरडी=वाय

एका ओळीत दोन यंत्रणा आहेत. जुनी इनिटआरडी: १९९६ साली वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी केलेली. त्यात मेमरीत ठरावीक मापाची खोटी डिस्क तयार व्हायची, तिच्यावर एखाद्या फाइलसिस्टिमची प्रतिमा असायची आणि तिच्यावरचा लिनक्सआरसी हा प्रोग्रॅम चालायचा. तो आपलं काम उरकून परत यायचा आणि खरं रूट कर्नलच माउंट करायचा. नवी इनिटरॅमएफएस: २००२ साली, २.५ च्या विकासमालिकेत आलेली. तिच्यात डिस्कचं सोंग नाही. सीपीआयओ आर्काइव्ह येतो आणि कर्नल तो आपल्या मेमरीतल्या रूटएफएसमध्ये उलगडतो. मग इनिट सुरू होतो, आणि तो परत येत नाही. पुढचं सगळं या परत न येण्यातून निघतं.

दोन्हींना स्विच एकच आहे. तो बंद ठेवला तर बूटलोडरने मेमरीत आणून ठेवलेल्या फाइलकडे कर्नल ढुंकूनही पाहत नाही.

२. # कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_रॅम इज नॉट सेट

पूर्वपक्ष असा: रॅमडिस्क हवी तर रॅमडिस्कचा ड्रायव्हर नको का? जुन्या मार्गदर्शिका वाचून आलेले लोक ही ओळ ‘वाय’ करतात, शेजारचं ४०९६ किलोबाइटचं माप वाढवतात आणि आर्काइव्ह आता मावेल म्हणून निश्चिंत होतात. उत्तर असं की ते माप खोट्या डिस्कचं आहे. रूटएफएस लागेल तसं वाढतं, त्याला आधी ठरवलेलं माप लागत नाही.

जुनी यंत्रणा मात्र अजून पुरती गेलेली नाही. ही ओळ ‘वाय’ असताना आलेली फाइल सीपीआयओ म्हणून ओळखता आली नाही, तर ही इनिटआरडी दिसते असा शेरा कर्नल लॉगमध्ये मारतो आणि जुन्या वाटेला लागतो. त्या वाटेवर २०२० पासून एक सूचना बसवलेली आहे: ही सोय कालबाह्य असून २०२१ मध्ये काढली जाईल. २०२१ सरलं, सूचना पुढच्या कित्येक आवृत्त्यांत तशीच छापली जात राहिली. तारीख टाकून धमकी देऊ नये ती अशासाठी.

३. कॉन्फिग_इनिटरॅमएफएस_सोर्स=""

अवतरणांत काहीच नाही, म्हणून ही ओळ सगळे ओलांडून जातात. पण ती रिकामी ठेवली तरी कर्नलमध्ये एक इवलासा आर्काइव्ह भरला जातोच. त्यात नोंदी तीन: देव्ह ही डिरेक्टरी, तिच्यात कन्सोल हा नोड आणि रूट नावाची डिरेक्टरी. मधली नोंद जवळून पाहावी:

नॉड /देव्ह/कन्सोल ०६०० ० ० सी ५ १

नोंदीचा प्रकार, मार्ग, परवानगी, मालक, गट, कॅरेक्टर डिव्हाइस, मेजर ५, मायनर १. इनिट सुरू करण्याआधी कर्नल हीच फाइल उघडतो आणि प्रोग्रॅमचं इनपुट, आउटपुट आणि एररचा प्रवाह तिला जोडून देतो. ती नसेल तर सुरुवातीचा कन्सोल उघडता आला नाही असा इशारा येतो, आणि इनिट बिचारा चालतो, पण मुका. स्क्रिप्टमधले एको कुठेच उमटत नाहीत.

बाहेरून दिलेला आर्काइव्ह या आतल्या आर्काइव्हवरच उलगडला जातो, त्यामुळे त्यात कन्सोल नसला तरी निभावतं. मात्र याच ओळीत स्वतःच्या डिरेक्टरीचं नाव भरलं की तीन नोंदींचा तो आर्काइव्ह बाद होतो आणि कन्सोलची जबाबदारी आपल्यावर येते. साध्या युजरला डिव्हाइस नोड करता येत नाही, म्हणून डिरेक्टरीऐवजी वरच्यासारख्या ओळींची यादी द्यावी. जेन_इनिट_सीपीआयओ हा छोटा प्रोग्रॅम ती यादी वाचून नोड थेट आर्काइव्हमध्ये लिहितो, डिस्कवर तो कधी तयारच होत नाही. मला ही सोय कर्नलच्या बांधणीतल्या सगळ्यात नेटक्या गोष्टींपैकी एक वाटते.

४. कॉन्फिग_आरडी_झेडएसटीडी=वाय

आर्काइव्ह ज्या पद्धतीने दाबला ती कर्नलला सोडवता आली पाहिजे, इतकंच. जीझिप, बीझिप२, एलझेडएमए, एक्सझेड, एलझेडओ, एलझेड४ आणि २०२० मध्ये ५.९ पासून झेडएसटीडी. जागेची फारच ओढाताण नसेल तर सातही चालू ठेवावेत. खुद्द कर्नलची प्रतिमा कशाने दाबायची ती ओळ निराळी, तिच्याशी याची गल्लत करू नये.

५. कॉन्फिग_डेव्हटीएमपीएफएस_माउंट=वाय

फसवी ओळ. देव्ह आपोआप माउंट होईल असं हिचं आश्वासन आहे, पण इनिटरॅमएफएसमधून बूट होताना ते लागू नाही. या ओळीच्या मदतीच्या मजकुरात तसं स्पष्ट लिहिलं आहे, आणि तो मजकूर कोण वाचतं? म्हणून इनिटच्या सुरुवातीलाच प्रॉक, सिस आणि देव्ह आपल्या हाताने माउंट करावे लागतात.

६. कॉन्फिग_एक्स्ट४_एफएस=एम

एनव्हीएमईची ओळही अशीच ‘एम’ समजावी. ‘वाय’ म्हणजे कर्नलच्या पोटात, ‘एम’ म्हणजे सुटं मॉड्यूल. पूर्वपक्ष इथे जोरदार आहे: यंत्र माझं, डिस्क मला ठाऊक, दोन्ही ‘वाय’ करतो आणि इनिटरॅमएफएसच काढून टाकतो. साध्या पार्टिशनवर रूट असेल तर हा पक्ष बिनतोड आहे, त्याला खोडण्यात अर्थ नाही. डेबियन किंवा फेडोराची गोष्ट वेगळी. त्यांना एकच कर्नल असंख्य प्रकारच्या यंत्रांवर चालवायचा असतो, सगळेच ड्रायव्हर पोटात घालणं त्यांना परवडत नाही.

आपल्या लॅपटॉपवर मात्र हा पक्ष लक्सपाशी अडतो. एन्क्रिप्शन उलगडणारं डीएम-क्रिप्ट कर्नलमध्ये आहे, पण पासफ्रेज विचारणारं तिथे कोणी नाही. लक्सचा हेडर वाचणं, पासफ्रेजला आर्गॉन२च्या चरकातून काढून किल्ली मिळवणं, हे सगळं क्रिप्टसेटअप हा युजरस्पेसमधला प्रोग्रॅम करतो. एलव्हीएमची तीच कथा. सगळे ड्रायव्हर ‘वाय’ केले तरी रूट उघडायला आधी एक प्रोग्रॅम चालवावा लागतोच, आणि तो ठेवायला रूटच्या आधीचं रूट हवं.

‘एम’ निवडलं की क्रम पाळावा लागतो. आधी मेक, मग मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, शेवटी मेक इन्स्टॉल. बहुतेक वितरणांत आर्काइव्ह या तिसऱ्या पायरीला बनतो. दुसरी आणि तिसरी यांची अदलाबदल झाली तर आर्काइव्ह बनतो खरा, पण त्यात नव्या कर्नलची मॉड्यूल्स नसतात. दुसरी खोड फुगवट्याची. वितरणाची कॉन्फिग जशीच्या तशी उचलली की डीबगची माहिती प्रत्येक मॉड्यूलला चिकटून येते, आर्काइव्ह शेकडो मेगाबाइटचा होतो आणि बूट पार्टिशन भरून जातं. मॉड्यूल्स बसवताना इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ एवढं जोडलं की तो फुगवटा झडतो.

७. रूट=यूयूआयडी=…

ही ओळ वाचून वाटतं की कर्नलला पत्ता दिला, काम झालं. पण फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नलला स्वतःहून समजत नाही. तो त्या त्या फाइलसिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये असतो, आणि डिस्का चाळून तो शोधायचं काम आर्काइव्हमधल्या साधनांचं. कर्नलला पार्टयूयूआयडी कळतो, कारण तो पार्टिशन टेबलात असतो आणि ते टेबल कर्नल तसंही वाचतोच. आर्काइव्हविना बूट करायचं ठरवलं आणि ही ओळ बदलायची राहिली, तर रूट माउंट करता आलं नाही म्हणून कर्नल पॅनिक ठरलेलं. लोक मग आधी एक्स्ट४ची ओळ तपासत बसतात.

८. एक्झेक स्विच_रूट /नवंरूट /एसबिन/इनिट

रूटएफएस अनमाउंट करता येत नाही आणि त्यावर पिव्हट_रूटही चालत नाही. म्हणून स्विच_रूट दुसरा मार्ग धरतो: जुन्या फाइली पुसून मेमरी मोकळी करतो, नवं रूट सरकवून मुळावर बसवतो, सीएचरूट करतो आणि खऱ्या इनिटला आपल्या जागी चालवतो. सुरुवातीचा एक्झेक म्हणूनच अनिवार्य. तो गाळला तर स्विच_रूट वेगळी प्रक्रिया म्हणून सुरू होतो आणि पीआयडी १ स्क्रिप्टच्या शेलकडेच राहतो. बिझीबॉक्सचा स्विच_रूट अशा वेळी सरळ नकार देतो. मग स्क्रिप्ट संपते, पीआयडी १ मरतो आणि इनिटला मारण्याचा प्रयत्न झाला अशी तक्रार करून कर्नल थांबतो.

पुसलेल्या फाइलींची गरज यंत्र बंद करताना पुन्हा पडते, कारण ज्या रूटवर आपण उभे आहोत ते तिथेच उभं राहून अनमाउंट होत नाही. आर्काइव्ह बनवणारा ड्रेकट त्यासाठी बंद होण्याच्या वेळी आर्काइव्ह पुन्हा रन/इनिटरॅमएफएसमध्ये उलगडतो, आणि तिथे शटडाउन नावाचा प्रोग्रॅम सापडला की सिस्टमडी त्या रूटवर उडी मारून लक्सची डिस्क बंद करायला मोकळा होतो. इथे पिव्हट_रूट बिनदिक्कत चालतो, कारण तोवर पायाखाली रूटएफएस नसतं.