गर्भारपणातली गोळी : परळची एक गोष्ट आणि जर्मनीची एक



सुनेला किंवा लेकीला दिवस गेले की घरात दोन प्रकारच्या गोळ्यांचा विषय निघतो. एक रक्तवाढीची, दुसरी दुखण्याची. पहिली ‘गरम पडते’ म्हणून मध्येच बंद होते. दुसरी ‘साधीच तर आहे’ म्हणून घरातल्या औषधाच्या डब्यातून दिली जाते. या दोन्ही गोळ्यांचा इतिहास वाचला की कळते, आपण नेमके उलटे वागतो.

पहिली गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. त्या काळी मुंबईत कितीतरी गरीब गरोदर बायका रक्त कमी होऊन दगावत. विल्सबाईंनी त्यांचे रक्त तर तपासलेच, पण त्या काय खातात हेही बारकाईने पाहिले. ज्यांच्या ताटात भाजी-फळे जवळजवळ नव्हती, त्यांनाच हा आजार जास्त होता. मग यीस्टचा अर्क देऊन पाहिला. पावाला लावून खातात तो मार्माइट, अगदी स्वस्त. तो देताच बायका सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

त्या अर्कात नेमके काय होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून शास्त्रज्ञांनी एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव पडले फॉलिक ॲसिड. पुढे १९९१ साली सात देशांत केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा मणक्यात जन्मजात दोष होता, अशा बायकांना ही गोळी गर्भधारणेच्या आधीपासून दिली होती. तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बाळाचा हा भाग मिटतो. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. म्हणून मूल हवे असे ठरले की तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरच ठरवतात.

दुसरी गोष्ट पश्चिम जर्मनीची. १९५७ साली तिथे थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. अगदी निर्धोक अशी तिची जाहिरात होती, म्हणून गरोदर बायकांच्या मळमळीवरही ती दिली जाई. पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो हे कुणी नीट तपासलेच नव्हते. १९६१ च्या अखेरीस ती मागे घेतली, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांचे व इतर गंभीर दोष घेऊन जन्मली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या सरकारी अधिकारी बाईंनी तिला परवानगीच दिली नाही. कंपनीने वारंवार तगादा लावला, पण त्या पुरावा मागत राहिल्या.

मी कॉमर्सची. आमच्या हिशोबात व्हाउचर नसेल तर नोंद होत नाही. केल्सीबाईंनी तेच केले. विल्सबाईंनी तर पुरावा स्वतः उभा केला.

आता आपल्या घरचे. आपल्या सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती चहा-दुधाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर चांगली. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालणाऱ्यांनी दोन्हींच्या वेळा दिवसातच बसवून घ्याव्यात, सहज बसतात.

आपल्याला बी-१२ मिळते ते मुख्यतः दूध-दह्यातून, आणि ते बऱ्याचदा कमी पडते. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ ची कमतरता झाकली जाऊन नसांचे नुकसान चालूच राहते. म्हणून बी-१२ ची तपासणी मागून घ्या. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. तेवढ्यासाठी औषध सोडू नका, तेच औषध गोळीच्या रूपात मिळेल का ते विचारा.

दुखण्यासाठी डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल सुचवतात, तीही लागेल तेवढीच आणि थोडेच दिवस. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गर्भारपणात घेऊच नयेत. २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते. अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत ही औषधे बऱ्याचदा असतात, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा. चालू असलेली ॲस्पिरिन मात्र, डॉक्टरांनी दिली असेल तर, मनाने बंद करू नका. झाडपाल्याची चूर्णेही केवळ नैसर्गिक म्हणून निर्धोक ठरत नाहीत.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे एका पिशवीत घालून न्या आणि एकेक दाखवून विचारा. उपवास करायचा असेल तर तोही त्याच वेळी सांगा. सून संकोचत असेल तर सासूने विचारावे.