शिस्त आणि जाच

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच किल्ल्यात राहून मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८५३ पासून आजच्या धाराशिव जिल्ह्याचा कारभार पाहिला. हा मुलूख इंग्रजांच्या हाती जाण्याचे कारण लष्करीच होते. हैदराबाद कंटिंजंट या कवायती फौजेचा खर्च निजामाकडे थकला, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत त्या खर्चासाठी लावून देण्यात आले. १८६० साली धाराशिव निजामास परत मिळाले. तोपर्यंत येथील कुणब्याचा सारा शिपायांच्या पगारासाठी लावलेला होता.

कवायती फौज शिस्तीवर उभी राहते, याविषयी दुमत नाही. दूरची मजल, पाठीवरचे ओझे, अपुरी झोप हे कष्ट रणांगणावर उपयोगी पडतात. परंतु त्या काळी चाबकाचे फटके हेही शिस्तीचेच साधन मानले जात. बेंटिंकने १८३५ साली कंपनीच्या हिंदी पलटणींतील फटके बंद केले. हार्डिंगने १८४५ साली ते पुन्हा सुरू केले. गोऱ्या शिपायाची पाठ १८८१ साली सुटली. हिंदी शिपायाची सुटका मात्र १९२० साली, म्हणजे पहिले महायुद्ध लढून झाल्यावर झाली. फटके गेल्याने फौज दुबळी झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात हेच हिंदी शिपाई इटलीपासून ब्रह्मदेशापर्यंत लढले.

तथापि चाबूक गेला म्हणून जाच संपतो असे नव्हे. सुनेपणी सोसलेली सासू जशी नव्या सुनेकडून त्याची भरपाई करून घेते, तसा जुना विद्यार्थी नवागतास छळतो आणि त्यालाच शिस्त म्हणतो. १९५० च्या सेना अधिनियमाने हा भ्रम मान्य केला नाही. हाताखालच्या माणसास मारहाण करणाऱ्या वा वाईट वागविणाऱ्या अधिकाऱ्यास कलम ४७ अन्वये सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षणसंस्थांतील रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीकडे डोळेझाक करणारा संस्थाप्रमुखही त्यातून सुटत नाही.

खडतर शिक्षणास हेतू असतो, मर्यादा असते आणि त्याचा जाब देणारा अधिकारी असतो. जाच दाराआड चालतो व त्याचा जाब कोणीच देत नाही. मुलगा कणखर व्हावा म्हणून आईबाप त्याला फौजेत धाडतात. त्याचा मान मोडावा म्हणून नव्हे.