मालगाडीचा एक डबा

पुण्याला गेलो की कोथरूडला माझी एक फेरी ठरलेली. भाऊ जोशी यांचं लहान रेल्वेचं संग्रहालय तिथे आहे, १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेलं. तिथे लोक इंजिनं बघतात. माझी नजर मात्र मालडब्यांवर असते. ऑफिसातून घरी आल्यावर मीही तेच करत बसतो ना!

किटमधून डबा जोडणं दिसतं तितकं सोपं नाही. चौकटीतून भाग कापायचे, कडा घासायच्या, ब्रशच्या टोकाने सोल्यूशन लावायचं. मग डबा काचेवर ठेवून चारही चाकं टेकतात का ते बघायचं. एक चाक अधांतरी राहिलं तर डबा रुळावरून उतरलाच समजा. प्लास्टिक हलकं, म्हणून खाली शिशाचे तुकडे चिकटवायचे.

पण माझे सगळे किट विलायती. मला हवा होता आपल्या मुरगाव लाईनवरचा डबा. सत्त्याऐंशीपट लहान हे माप धरलं तर आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १९.३ होतो. बाजारातला रूळ मात्र १६.५ चा, कारण तो युरोपच्या १४३५ साठी. मीटरगेजचं गणित वेगळं : १००० ला ८७ ने भागलं की साडेअकरा, आणि त्यासाठी १२ चा रूळ मिळतो. म्हणजे जो रूळ गोव्यातून उखडला गेला, तोच घरात जवळजवळ बिनचूक बसतो!

ही लाईन इंग्रजी भांडवलाची, हमी पोर्तुगीज सरकारची. १८८८ साली ती कॅसलरॉकपर्यंत पोचली. १९५५ च्या नाकेबंदीत सीमेपलीकडची वाहतूक थांबली. मुक्तीनंतर होस्पेटकडचं लोहखनिज याच वाटेने मुरगाव बंदरात येऊ लागलं. नव्वदच्या दशकात मीटरगेज गेला.

कार्डशीट कापून डबा उभा केला, तांबडा रंग दिला, आणि अडलो तो अक्षरांपाशी. डब्यावर कुठल्या रेल्वेचं नाव घालायचं? दक्षिण मध्य रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ रोजी निघाली. तिच्यात हुबळी विभाग होता, तसाच सिकंदराबादही. म्हणजे आपली गोव्याची लाईन आणि तलमडुगु-आदिलाबादच्या कापसाच्या मुलखात जाणारा मुदखेडचा मीटरगेज फाटा एकाच घरचे. २००३ मध्ये आपण दक्षिण पश्चिम रेल्वेत गेलो. तोवर आपला मीटरगेज संपला होता. तेव्हा माझ्या डब्यावर 'द.म.' हीच अक्षरं हवीत. दोन अक्षरांत डब्याचा काळ ठरतो.

शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. मोठ्या हौसेने त्यांना डबा दाखवला. चष्मा सावरून त्यांनी उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "रे, इतको नितळ डबो आमी केन्नाच पळोवंक ना."

खरंच की! खनिजाची धूळ मी विसरलोच होतो. अंगणातली तांबडी माती चाळून घेतली आणि कोरड्या ब्रशने डब्यावर फिरवली. काका तासभर बसले. धूळ कुठे साचायची, कुठे पावसाने धुऊन जायची, ते बोट ठेवून सांगत राहिले.

हे कुठल्याच नकाशात नाही. डबे भंगारात गेले, माणसं थकत चालली. तुमच्या वाड्यावर असा कुणी जुना रेल्वेवाला असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. विचारायचं ते आजच विचारा.